मुंबईतील नव्या सार्वजनिक कलाकृती : जागा कोणत्या निवडाव्यात आणि पैसा कुठून यावा?

शिवडीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. महापालिकेच्या पुढील अर्थसंकल्पासाठी नागरिकांच्या सूचना मागवल्या जातील, तेव्हा आमच्या रहिवासी संघाच्या वतीने शहरातील सार्वजनिक कलाकृतींविषयी एक निवेदन द्यायचे ठरले आहे. मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तो पाठवण्यापूर्वी या विषयातील जाणत्यांनी त्यावर बोलावे, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे कलाकृती आधी ठरते, मग तिच्यासाठी जागा शोधली जाते आणि देखभालीचा विचार रंग उडू लागल्यावर होतो. हा क्रम उलटा हवा. जागा कोणाच्या पायाखालची आहे आणि दहा वर्षांनी तिथे फडके मारायला कोण येणार आहे, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय कलाकाराला बोलावूच नये.

जागेचे महत्त्व सांगण्यासाठी काळ्या घोड्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही. अल्बर्ट ससून यांच्या देणगीतून उभा राहिलेला युवराजाचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तिथून हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला. स्वाराशिवायचा नवा घोडा २०१७ साली आला. मधली ५२ वर्षे त्या जागी घोडा नव्हता, तरीही बसवाहकापासून चित्रकारापर्यंत सर्वांनी तिला काळा घोडाच म्हटले. फ्लोरा फाउंटनची कथाही अशीच आहे. १८६४ साली उभारलेले हे कारंजे मुळात राणीच्या बागेसाठी योजले होते आणि त्यासाठी कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी मोठी देणगी दिली होती. बागेऐवजी ते चौकात आले म्हणून शहराच्या रोजच्या येण्याजाण्याचा भाग झाले. पुढे त्याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले आणि चौकाला आजचे नाव मिळाले.

परंतु ही दोन्ही उदाहरणे दक्षिण मुंबईतील आहेत, आणि माझी खरी तक्रार इथेच सुरू होते. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख लोक राहत होते आणि उपनगर जिल्ह्यात सुमारे ९४ लाख. कुर्ला, गोवंडी, कांदिवली किंवा भांडुप येथे राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला येणारी कला बहुधा उड्डाणपुलाच्या खांबावर रंगवलेली फुले आणि फुलपाखरे एवढीच असते. म्हणून जागांची यादी प्रभागनिहाय करावी आणि तिची सुरुवात उपनगरांपासून व्हावी, अशी मागणी मसुद्यात आहे. माणसाला जिथे थांबावेच लागते, त्या जागांना पहिली पसंती द्यावी, असेही सुचवले आहे. बस आगार, रेल्वेचे भुयारी मार्ग, महापालिकेच्या रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागांबाहेरच्या भिंती, मंडया आणि मेट्रोची नवी स्थानके या त्या जागा होत. मोटारीतून ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याने क्षणभर पाहावे अशा ठिकाणी सार्वजनिक पैसा घालू नये.

पैशाविषयी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत उभी राहत असताना होमी भाभा यांनी पंडित नेहरूंची अनुमती घेऊन अंदाजपत्रकाचा एक टक्का भाग कलेसाठी राखून ठेवला होता. हुसेन यांचे सुमारे ४५ फूट लांबीचे भित्तिचित्र आणि त्या पिढीतील मुंबईच्या चित्रकारांची कितीतरी चित्रे त्या संस्थेत आली ती याच धोरणामुळे. फ्रान्सने १९५१ साली शाळांच्या बांधकामासाठी आणि फिलाडेल्फिया शहराने १९५९ साली हाच एक टक्क्याचा नियम स्वीकारला. आपल्या महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता आणि त्यातील सुमारे ४३ हजार कोटी भांडवली कामांसाठी होते. त्या भांडवली खर्चाचा एक टक्का मागणे मला स्वतःलाच पटत नाही. एक दशांश टक्का मागावा, असे वाटते. तेवढेही वर्षाला सुमारे ४३ कोटी होतात आणि त्यातील एक तृतीयांश रक्कम देखभालीसाठी वेगळ्या खात्यात ठेवली, तरी पुष्कळ काम होईल.

निवृत्त_अभियंता

शिवडीकर साहेब, मसुदा चांगला आहे. मात्र त्यात कार्यालयातील वास्तवाचा उल्लेख नाही, तो घालावा.

पहिली गोष्ट कायद्याची. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या इतर जागांवर पुतळे किंवा बांधकामे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश राज्यांना दिला आहे. दिवाबत्ती, वाहतूक आणि रस्त्यांचे सुशोभीकरण यांना त्यात सूट आहे. त्यामुळे कलाकृतीची फाईल पुढे सरकवायची असेल, तर तिला सुशोभीकरण म्हणणे हाच सोपा मार्ग ठरतो. आणि एकदा सुशोभीकरण म्हटले की ते काम रंगरंगोटी, कठड्यांच्या जाळ्या आणि खांबांवरचे दिवे यांच्या पंगतीत जाऊन बसते. २०२२ साली जाहीर झालेला मुंबई सुशोभीकरणाचा कार्यक्रम सुमारे १,७०० कोटी रुपयांचा होता. म्हणजे पैसा नव्हता असे म्हणता येणार नाही. कलाकृती म्हणून काम मागवण्याचे स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातील वेगळे खर्चाचे खाते, नव्हते, हे खरे कारण आहे.

दुसरी गोष्ट निविदेची, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. भिंत रंगवण्याचे काम दर चौरस फुटाच्या हिशेबाने निघते. मोजमाप पुस्तिकेत लांबी आणि रुंदी लिहिता येते. चित्र कसे आहे, हे लिहिण्यासाठी तिच्यात रकाना नसतो. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. त्यासाठी अनामत रक्कम, मागील तीन वर्षांची उलाढाल आणि नोंदणीकृत कंत्राटदाराचा परवाना लागतो. एकट्या चित्रकाराकडे यातील काहीही नसते. मग कंत्राटदार काम घेतो, चित्रकाराला रोजंदारीवर बोलावतो आणि वाचवता येईल तिथे सर्वांत आधी प्रायमरमध्ये वाचवतो. दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात. दोषदायित्वाचा, म्हणजे कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याचा, कालावधी तोवर संपलेला असतो.

म्हणून निवेदनात टक्केवारीच्याही आधी हे लिहा की, कलाकृतीची निवड दोन टप्प्यांत व्हावी. पहिल्या टप्प्यात संकल्पचित्रे मागवून तज्ज्ञ समितीने त्यांतील तीन निवडावीत आणि त्या तिघांना संकल्पचित्राचे मानधन द्यावे. दुसऱ्या टप्प्यात रक्कम आधीच जाहीर करून केवळ गुणवत्तेवर निवड करावी. रक्कम ठरलेली असली की दराची स्पर्धाच उरत नाही. बांधकामाचा भाग, म्हणजे पाया, विद्युत जोडणी आणि पाण्याचा निचरा, नेहमीच्या निविदेने वेगळा काढता येतो.

मातीचा_नमुना

निवृत्त अभियंता काकांनी लिहिलेले शब्दन् शब्द खरे आहे. मी शिल्पकार आहे आणि यातून गेले आहे. काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेने माझ्याकडून बागेसाठी शिल्पाचा मातीचा नमुना करून घेतला. चार महिने काम केले. त्यानंतर तोच नमुना दाखवून दुसऱ्याकडून फायबरमध्ये स्वस्तात शिल्प करून घेण्यात आले. मला संकल्पनेचे मानधन मिळाले नाही आणि शिल्पाखाली नावही लागले नाही. म्हणून तिघांना मानधन देण्याची सूचना मसुद्यात ठळकपणे यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता जागा आणि साहित्य यांच्या नात्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण समित्या याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. मुंबईची हवा खारी आहे आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर साध्या पोलादाचा सांगाडा ठेवायचा असेल, तर त्याला दरवर्षी रंग देण्याची तरतूद हवी. ती नसेल, तर पोलाद टाळावेच. परदेशात लोकप्रिय असलेले, स्वतःच्या गंजाचा थर पांघरून टिकणारे पोलाद इथे चालत नाही, कारण तो थर स्थिर होण्यासाठी ओले-कोरडे चक्र लागते आणि खाऱ्या दमट हवेत पृष्ठभाग कोरडा राहतच नाही. ब्राँझ टिकते, पण त्याच्या आतला आधार आणि बोल्टही त्याच तोलाचे हवेत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण होऊन २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नट-बोल्ट गंजल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने त्यापूर्वीच कळवले होते. ती बातमी आली त्या रात्री मला झोप लागली नाही. राज्य शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. ती मुख्यतः साम्य आणि प्रमाणबद्धता पाहून दिली जाते. वारा, खार आणि पाया यांचा हिशेब अभियंत्याने स्वतंत्रपणे तपासून त्यावर सही करायला हवी, आणि तारीख ठरली आहे म्हणून कोणाचीही घाई चालवून घेऊ नये.

भिंतींबाबत सांगायचे तर, ज्या भिंतीला मागून ओल आहे तिच्यावर कितीही चांगला रंग लावला, तरी तो सुटणारच. आधी गळती, मग गिलावा, मग चित्र. रेल्वेच्या कितीतरी भुयारी मार्गांना हेच लागू आहे. तिथे रंगापेक्षा भाजलेल्या टाइल्सचे काम करावे. सुरुवातीला खर्च जास्त येतो, पण ते पाण्याने धुता येते.

पाणीपट्टी

मतभेद नोंदवतो, राग नसावा. आमच्या वस्तीत दिवसातून जेमतेम तासभर पाणी येते. पालिकेच्या शाळांची स्थिती सर्वांना माहीत आहे. अशा शहराने वर्षाला ४३ कोटी रुपये शिल्पांवर खर्च करावेत, ही मागणी मी माझ्या शेजाऱ्यांसमोर कोणत्या तोंडाने मांडू?

शिवडीकर

पाणीपट्टी, रागाचा प्रश्नच नाही. हा आक्षेप येणारच होता आणि तो यायलाच हवा.

माझ्या मनात याचे उत्तर म्हणून मुंबईच्या प्याऊ येतात. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या संधिकाळात इथल्या व्यापाऱ्यांनी आपल्या आप्तांच्या स्मरणार्थ चौकाचौकांत पाणपोया बांधल्या. त्यांत कोरीव दगड आहे, घुमट आहे, पशुपक्ष्यांची शिल्पे आहेत, गुरांसाठी खाली हौदही आहेत. हमाल, गाडीवान आणि त्यांचे बैल तिथे पाणी पीत. ते पाणी आधी होते आणि शिल्प त्याच्यासोबत आले. आज त्यांतील बऱ्याच बंद आहेत, काहींचे जतन होऊन नळ पुन्हा सुरू झाले आहेत. नव्या कलाकृतींचा पहिला हप्ता अशाच कामांना द्यावा, असे मी मसुद्यात घालतो. बाजारात पाणपोई, बस थांब्यावर सावली देणारे छत, रुग्णालयाबाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांसाठी बसता येईल असा ओटा. हे सर्व पालिकेला एरवीही बांधावे लागते. ते बांधताना कलाकाराला पहिल्या दिवसापासून बरोबर घेतले, तर अधिकचा खर्च थोडा असतो आणि वस्तीला काय मिळाले, ते तुम्ही शेजाऱ्यांना बोट दाखवून सांगू शकता. केवळ पाहण्यासाठी असलेल्या कलाकृतींना माझा विरोध नाही. परंतु आपल्या शहरात आरंभ इथून व्हावा, हे आपल्या प्रश्नामुळे मला अधिक स्पष्ट झाले.

शिकागोवासी

मी मूळचा परळचा, गेली बरीच वर्षे शिकागोत आहे. इथे १९७८ सालापासून महापालिकेच्या इमारतींच्या बांधकाम खर्चातील १.३३ टक्के रक्कम कलेसाठी काढण्याचा नियम आहे. किमान निम्मी कामे शिकागो परिसरातील कलाकारांना द्यावीत, अशी अट त्यातच आहे. मुंबईच्या मसुद्यात स्थानिक कलाकारांविषयी एकही वाक्य नाही. ते यावे.

पण इथल्या सर्वांत प्रसिद्ध शिल्पाला तो पैसा लागलेला नाही. आपल्या मुंबईत १९५४ साली जन्मलेले अनिश कपूर यांचे मिलेनियम पार्कमधील ‘क्लाउड गेट’ हे खाजगी देणग्यांतून झाले. सुरुवातीचा अंदाज ६० लाख डॉलरचा होता, प्रत्यक्ष खर्च २ कोटी ३० लाख डॉलरवर गेला. पोलादाचे १६८ पत्रे जोडून त्यांचे सांधे पूर्ण नाहीसे करण्याचे काम इतके अवघड ठरले की २००४ मध्ये अर्धवट स्थितीत दाखवलेले शिल्प २००६ मध्ये पूर्ण झाले. मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. त्याचा हात पोहोचेल एवढा खालचा भाग दिवसातून दोनदा पुसला जातो. कामावर जाताना मी ते माणूस आणि ते फडके कितीदा पाहिले आहे. लाखो लोक हात लावतात आणि तरी ते आरशासारखे राहते, ते या रोजच्या पुसण्यामुळे. शिवडीकरांनी फडक्याचा उल्लेख केला म्हणून हे लिहावेसे वाटले.

जागा चुकली की काय होते, याचे उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. रिचर्ड सेरा यांची १२० फूट लांब आणि १२ फूट उंच अशी वाकडी पोलादी भिंत १९८१ साली सरकारी कचेऱ्यांसमोरच्या प्रांगणात उभारली गेली. रोज ये-जा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना वळसा घालून जावे लागे. जाहीर सुनावणी झाली, खटले झाले आणि १९८९ मध्ये ती तोडून हलवण्यात आली. कलाकाराचे म्हणणे होते की, शिल्प त्या जागेसाठीच घडवले असल्याने तिथून काढणे म्हणजे ते नष्ट करणे. त्यांचे म्हणणे मला पटते आणि कर्मचाऱ्यांचेही पटते. दोघांना एकमेकांशी बोलायला लावण्याची वेळ भिंत उभारण्यापूर्वीची होती.

लेखापाल_दादर

खाजगी पैशाविषयी नेमकी माहिती देतो. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला आणि संस्कृती यांचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे हा मार्ग खुला आहे. परंतु स्वतःच्या उत्पादनाच्या जाहिरातीचा लाभ मिळवण्यासाठी केलेले प्रायोजकत्व सामाजिक दायित्वात धरले जात नाही. त्यामुळे चित्राच्या कोपऱ्यात मोठे बोधचिन्ह मागणाऱ्या कंपनीला पालिकेने नम्रपणे हा नियम दाखवावा. देणगीदाराचे नाव एका ठरावीक मापाच्या पाटीवर यावे, सर्वांसाठी सारखेच.

माझी आणखी एक सूचना आहे. खाजगी देणगी थेट एका विशिष्ट जागेसाठी घेऊ नये. तसे केले की सगळा पैसा वरळी, वांद्रे आणि फोर्ट येथेच जातो, कारण देणगीदाराला तिथेच दिसायचे असते. देणगी सामायिक निधीत यावी आणि प्रभागनिहाय यादीतील क्रमाने खर्च व्हावी.

निवृत्त_अभियंता

लेखापाल साहेब, तत्त्व मान्य आहे, पण सामायिक निधीला देणगीदार मिळणे कठीण जाईल. मधला मार्ग असा काढता येईल की, जो देणगीदार आवडीची जागा मागेल, त्याने तेवढीच रक्कम उपनगरातील यादीतल्या एका जागेसाठीही द्यावी.

वेसावकरीण

इतका वेळ वाचत होते. जागा निवडण्याविषयी सर्वांनी लिहिले, पण त्या जागेवर आधीपासून असलेल्या माणसांविषयी थोडेच आले, म्हणून लिहिते.

२०१७ साली ससून डॉकवर कलामहोत्सव झाला. १८७५ चे ते बंदर, तिथल्या कोळणी, सोलणाऱ्या बायका आणि बर्फवाले यांच्या कामावर कलाकारांनी कलाकृती केल्या आणि आमच्या बायकांचे मोठाले चेहरे भिंतींवर लागले. माझ्या नात्यातल्या एक मावशी तिथे मासळी घेतात. स्वतःचा चेहरा नव्हता, तरी ओळखीच्या बाईचा चेहरा एवढा मोठा पाहून त्यांना फार बरे वाटले होते. पूर्वी गोदीचा वास येतो म्हणून नाक दाबणारी माणसे त्या दिवसांत रांग लावून आत आली. हे चांगलेच झाले आणि ते मी मनापासून सांगते.

परंतु कोळीवाड्याच्या भिंती रंगवायला गट येतात, तेव्हा होडी, मासा आणि लुगडे नेसलेली बाई हीच तीन चित्रे काढून जातात. विचारायला कोणी येत नाही. विचारले असते, तर आम्ही सांगितले असते की, ज्या भिंतीला टेकून आम्ही बोंबील वाळवण्याचे बांबू उभे करतो ती सोडून दुसरी घ्या, कारण चित्र झाले की त्याच्यासमोर बांबू लावू नका म्हणून आम्हालाच सांगितले जाते. आमची कामाची जागा चित्रामुळे कमी झाली, तर ते चित्र आमचे कसे? निवेदनात एवढे लिहा की, जागा अंतिम करण्यापूर्वी ती वर्षभर कोण, कोणत्या ऋतूत, कशासाठी वापरते, याची नोंद तिथल्या लोकांना बरोबर घेऊन करावी. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की बंदराची सगळी मांडणी बदलते. एप्रिलमध्ये येऊन पाहणाऱ्याला ते कळणार नाही.

मातीचा_नमुना

वेसावकरीण ताई, आपले म्हणणे वाचून मला माझीच एक सूचना बदलावीशी वाटते. मी कायमस्वरूपी साहित्याचाच विचार करत होते. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात १८४१ सालचा एक चौथरा पैशाअभावी पुतळ्यावाचून रिकामा राहिला होता. १९९९ पासून त्यावर ठरावीक काळासाठी एकेक कलाकृती मांडली जाते आणि मग उतरवली जाते. लोक भांडतात, चर्चा करतात, काही कामे नावडती ठरतात, पण काही काळाने ती जातात. नव्या जागेवर पहिली कलाकृती अशीच दोन वर्षांसाठी ठेवली, तर जागा चुकली की बरोबर निघाली, ते सर्वांना दिसेल. कोस्टल रोडच्या भरावावर जे सुमारे ७० हेक्टर मोकळे क्षेत्र देऊ केले आहे, तिथेही आज काहीच कायमचे उभारू नये. लोक तिथे कुठून चालत येतात आणि कुठे बसतात, ते आधी पाहू द्यावे.

शिवडीकर

सर्वांचे आभार. मसुद्यात पुढील बदल करत आहे. टक्केवारीच्या आधी स्वतंत्र लेखाशीर्ष आणि दोन टप्प्यांची निवड, संकल्पचित्राला मानधन, निम्मी कामे मुंबई परिसरातील कलाकारांना, समुद्राजवळील कामासाठी अभियंत्याची वेगळी तपासणी, खाजगी देणगीला उपनगरातील जोड. पहिल्या वर्षी पाणपोया, बस थांबे आणि रुग्णालये. नवीन जागेवर पहिली दोन वर्षे तात्पुरती कलाकृती. देखभालीचा एक तृतीयांश वाटा मात्र मी कमी होऊ देणार नाही. अर्थसंकल्पात काटछाट झाली, तर कलाकृतींची संख्या कमी करावी, त्या खात्याला हात लावू नये, असे वाक्य घातले आहे.

ताई, एक विनंती. ऋतूनुसार वापराची नोंद कशी करावी, याचा नमुना आपण एका जागेसाठी करून द्याल का? निवेदनासोबत तो जोडला, तर अधिकाऱ्यांना आपण काय म्हणतो ते लगेच कळेल.

वेसावकरीण

करून देते. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या डाव्या हाताची लांब भिंत घेते. ती रिकामी दिसते, म्हणून तिच्यावर सर्वांचा डोळा असतो. जून ते नारळी पौर्णिमा तिच्या कडेला होड्या आणि जाळी दुरुस्तीचे काम असते. पुढे मासळी उतरवण्याच्या वेळी पहाटे तिथे टोपल्यांची रांग लागते. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत खालच्या पाच फुटांत बांबू येतात. पाच फुटांच्या वर वर्षभर काहीही नसते. चित्र काढायचे असेल, तर ते तिथून वर काढता येईल. रविवारी आमच्या बायकांना विचारून, मापे घेऊन पाठवते.